धुळाजीची वाघर

एका माळावर एक धनगर राहायचा. नाव धुळाजी. कळप मोठा, मिशा त्याहून झुपकेदार, आणि स्वतःच्या अंदाजावर विश्वास किती, ते तर विचारूच नका.

एकदा रखमाजी नावाच्या शेतकऱ्यानं त्याला शेतात मेंढरं बसवायला बोलावलं. मेंढरांनी रात्री शेतात बसायचं, लेंडीखतानं जमीन पोसायची आणि बदल्यात धनगरानं जोंधळा न्यायचा, अशी रीत. "अख्खं वावर एका रातीत बसवतो," धुळाजी चारचौघांत म्हणाला. त्यासाठी मोठी वाघर हवी. वाघर म्हणजे कळपाभोवती उभं करायचं जाळं.

धुळाजीनं काठीनं वावराची लांबी मोजली, रुंदी मोजली आणि काठी खांद्यावर टाकली.

"आवं, पुरतं फिरून या की," त्याची बायको ठकूबाई म्हणाली.

"समोरची बाजू हिच्याएवढीच हाय. तिला काय मोजायचं?"

तेवढीच होती, हे खरं. पण म्हणून तिला जाळं लागत नाही, असं कुणी सांगितलं? धुळाजीनं दोनच बाजूंची बेरीज धरली आणि तेवढीच वाघर विणली.

ठरल्या दिवशी, ऊन उतरल्यावर त्यानं वाघर उभी केली. एक लांब बाजू झाली, एक आखूड बाजू झाली आणि जाळं संपलं. उरलेल्या दोन बाजू सताड उघड्या. तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं लांडगा ओरडला. मेंढ्या कोकरांना मध्ये घेऊन एकमेकींना चिकटल्या.

रखमाजी बांधावरून बघत होता. 'आमची मेंढरं उघड्यावरबी हालत न्हाईत,' असं धुळाजीच्या अगदी ओठावर आलं. पण कोकरांकडे बघून त्यानं ते गिळलं.

"रखमाजी, माझं माप चुकलं," तो म्हणाला. "आज निम्मं वावरबी बसायचं न्हाई."

लाज वाटली, पण हात थांबले नाहीत. त्यानं मेखा उपटल्या, घेर लहान केला आणि वाघरीच्या टोकाला टोक बांधलं. मेंढरं दाटीवाटीनं बसली, पण सगळी आत बसली.

सकाळी वाघरीबाहेर लांडग्याच्या पंजांचे ठसे दिसले. धुळाजी त्यांच्या मागोमाग चालत गेला. पहिली बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. फट शोधत लांडगा चहूबाजूंनी फिरला होता आणि ती न मिळाल्यानं ओढ्याकडे परतला होता. धुळाजीनं सुतळी काढली. मग न्याहारीचीही वाट न बघता त्यानं उरलेली वाघर विणायला घेतली.

तात्पर्य: परिमिती म्हणजे सगळ्या बाजूंची बेरीज. बढाईखोर माणूस एखादी बाजू विसरतो, संकट एकही विसरत नाही.