बैल ओढतात काय?

एका जहागीरदाराला आपल्या खिलारी बैलांचा भारी तोरा. एके दिवशी तो दहा गडी घेऊन भिवराबाईच्या माळावर आला आणि म्हणाला, "हे बांधाचे दगड उचला रे, माझ्या गोठ्याला लावा!"

भिवरा बांधापुढे आडवी उभी राहिली. त्या बांधांत तिचा सात उन्हाळ्यांचा घाम होता. ती म्हणाली, "सरकार, मोटेची शर्यत लावू. आपापल्या विहिरीवर शंभर मोटा आधी तुमच्या बैलांनी ओढल्या, तर दगड तुमचे."

भिवराचे बैल म्हणजे नुसती हाडं. जहागीरदार हसून तयार झाला.

भिवराची शंभरावी मोट ज्वारीच्या पाटात रिकामी झाली, तेव्हा खिलारी जोडी चाळिसाव्या मोटेला तोंडाला फेस आणून उभी होती.

भिवरा त्याच्या विहिरीवर आली, तसं जहागीरदाराने विचारलं, "माझे बैल कशात कमी पडले गं?"

"कशातच नाही, सरकार. बांधांनी अडवलेला पाऊस जिरून माझ्या विहिरीत दहा हातांवर आलाय. तुमचं पाणी पन्नास हात खोल. माझे बैल पाणी ओढतात, तुमचे बिचारे मोटेचा लांबलचक नाडाच ओढत बसतात."

जहागीरदाराने आपल्या बैलाच्या सोललेल्या मानेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "आता या गड्यांचं काय करू?"

"दगड उचलायलाच आणलेत ना? न्या की त्यांना तुमच्या माळावर, बांध घालायला!"