राजाने उचललेले पान

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता. तो मांसाशिवाय घास घेत नसे, आणि राजाला जे रुचे तेच दरबाराला रुचे. त्या राज्याची एक रीत होती. पंगतीत पदार्थ वाढण्याआधी मुदपाकखान्याच्या प्रमुख तुंगाबाई त्याचे नाव मोठ्याने पुकारत. नाव पुकारल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नसे.

एके दिवशी पंगतीत एक परका पाहुणा आला. त्याचे डोळे पिंगट होते आणि पाय धुळीने भरले होते. त्याने मटण नको म्हटले, केळ्याची शिकरण मागितली, तिच्यात मिरचीचा ठेचा कालवला आणि आनंदाने खाऊ लागला.

राजा हसला. म्हणून दरबार हसला.

"हे जेवण आहे की जनावराचं आंबोण?" राजा म्हणाला. "उचला याचं पान!"

वाढलेले पान उचलले गेले. पाहुणा उपाशी उठला. तो कपिलाक्ष नावाचा मांत्रिक होता.

"राजा," तो म्हणाला, "आजपासून मांस तुझ्या तोंडात दगड होईल. आणि रोज तूही पायापासून वर चार बोटं दगड होशील."

तसेच झाले. राजाने घास घेतला आणि दात वाजले. तोंडातून गारगोटी पडली. त्याने दुसरे काही खायला नकार दिला. पहिल्या दिवशी पावले दगडाची झाली, पाचव्या दिवशी गुडघे गेले. दगड काळजापर्यंत पोचला की राजा संपणार, हे सगळ्यांना कळले होते, पण बोलत कोणीच नव्हते.

राजाला एक मुलगी होती, इंदुलेखा. तिला ही शांतता सहन होईना. तिने घोड्यावर खोगीर घातले आणि ती मांत्रिकाच्या वनात गेली. वेशीवरच्या झाडावर एक धनेश पक्षी बसला होता.

"तीन कामं आहेत," पक्षी म्हणाला. "तिन्ही झाली तर शाप उतरेल. पहिलं, रक्त नसलेलं मांस आण."

इंदुलेखा वनातल्या एका पाड्यावर गेली. तिथे एक बाई हाताला तेल चोळून कोवळा फणस चिरत होती.

"रक्त नसलेलं मांस?" बाई हसली. "बस. आम्ही रोज बोकड कुठून आणणार? आमच्याकडे लग्नातसुद्धा हाच कापतात. याच्या अंगात रक्त नाही, फक्त चीक. तेल लावलं नाहीस तर बोटं चिकटून बसतील हो, राजकन्या असलीस तरी."

तिने भाजलेल्या कांदाखोबऱ्याचे वाटण लावून फोडी शिजवल्या. इंदुलेखाने एक खाल्ली आणि पुन्हा मडक्यात हात घातला. उरलेले मडके तिने धनेशापुढे ठेवले. पक्ष्याने चोच बुडवली आणि मान हलवली.

"दुसरं. ज्या पानाला तुझा दरबार हसला, ते खा. आणि खरं काय ते सांग."

झाडाखाली शिकरण आणि ठेचा वाढलेला होता. इंदुलेखाने कालवले, खाल्ले. आधी गोड लागले, मग कानातून वाफ निघाली. डोळे पुसत तिने पान संपवले.

"मला नाही आवडलं," ती म्हणाली. "पण ज्याला आवडतं त्याने खुशाल खावं. यात हसण्यासारखं काय होतं?"

झाडामागून कपिलाक्ष पुढे आला. "माझी आई असंच कालवून द्यायची," तो इतकेच म्हणाला.

"तिसरं," पक्षी म्हणाला. "तुझ्या बापाच्या पंगतीत माझ्या धन्याचं पान पुन्हा मांड, शेजारी राजाला फणस वाढ. दोघं जेवून उठले पाहिजेत."

कपिलाक्षाला आणि पाड्यावरचे कोवळे फणस घेऊन ती परतली तेव्हा राजा कमरेपर्यंत दगड झाला होता. पंगत बसली. कपिलाक्ष राजाशेजारी बसला, पण त्याचे पान अजून रिकामे होते. तुंगाबाई फणसाचे पातेले घेऊन आल्या. महाराज फणसाला हात लावणार नाहीत, या भीतीने त्यांनी पुकारले, "बोकडाचं मटण!"

राजाने अधाशीपणे घास घेतला. ज्या नावाने वाढले, त्या नावाचाच शाप लागला. फणसाचा दगड झाला. आणि राजाच्या अंगातला दगड सरसर चढून काळजाच्या खाली दोन बोटांवर थांबला. दोन्ही हात पाषाणाचे झाले.

"ताईसाहेब, मी त्यांच्या भल्यासाठीच..." तुंगाबाई रडू लागल्या.

"ठाऊक आहे मला," इंदुलेखा म्हणाली. तिने त्यांच्या हातातला पळा घेतला आणि ताठ उभी राहून पुकारले, "फणस!"

दरबारात खसखस पिकली.

"फणस?" राजा म्हणाला. "माझ्या पंगतीत? लोक काय म्हणतील?"

"आबासाहेब, लोक आत्ताच हसताहेत. मेलात तर रडतील थोडे दिवस, मग जेवतील. मी मात्र पोरकी होईन."

राजाने दरबाराकडे पाहिले. ते हसू त्याच्या ओळखीचे होते. त्यानेच ते त्यांना शिकवले होते. मग त्याने शेजारच्या रिकाम्या पानाकडे पाहिले.

"तुंगाबाई," तो हळू म्हणाला, "आधी पाहुण्यांना वाढा. शिकरण आणि ठेचा. नाव मोठ्याने पुकारा."

तुंगाबाईंनी पुकारले. कोणी हसले नाही. कपिलाक्ष शांतपणे जेवला, त्याने बोटे चाटली, हात धुतला. मग त्याने राजाच्या पानातली फणसाची फोड उचलली आणि राजाच्या तोंडाशी धरली. राजाचे हात दगडाचे होते. ज्याला उपाशी उठवले, त्याच्याच हातून राजाने घास घेतला.

सगळे दातांच्या आवाजाची वाट पाहत राहिले. आवाज आला नाही.

"मटण नाही हे," राजा चावत म्हणाला. "तंतू वेगळे आहेत. चव वेगळी आहे." मग तो थांबला. "अजून वाढा."

दगड उतरला. छाती मोकळी झाली, हात हलले, गुडघे वाकले, पावलांना जमीन लागली. राजाने आपल्या हाताने दुसरा घास घेतला. मग पाहुण्याच्या वाटीतली शिकरण ठेच्यासकट चाखली आणि घटाघट पाणी प्यायला.

"कपिलाक्षा, हे मात्र मला जन्मात आवडणार नाही."

"नका आवडून घेऊ, महाराज," मांत्रिक म्हणाला. "जरा सरकून बसा म्हणजे झालं. माझ्या धनेशालाही भूक लागली आहे."

राजा सरकला.