पडद्याची आतली बाजू

फार जुनी गोष्ट. राजाची पोरंसुद्धा मेंढरं राखायची, तेव्हाची. इब्री, म्हणजे यहुदी, लोकांनी डोंगरावर देवाचं घर बांधलं. त्यात एक अंधारी खोली. मूर्ती नाही, काही नाही. वर्षातून एकदा मुख्य याजक, म्हणजे त्यांचा पुजारी, आत जाणार, बाकी कुणी नाही.

त्या खोलीच्या दाराचा पडदा मिल्का विणत होती. नवरा नाही, मूल नाही, नजर अधू होत चाललेली. मागावर विणलेलं गुंडाळत जातं, त्यामुळे सबंध पडदा तिनेही पाहिला नव्हता. तो एकदा डोळे भरून बघायचा, एवढीच तिची इच्छा.

बाहेरच्या बाजूला तिने सिंह विणला. आतल्या बाजूला गरुड. अशा विणीला दुप्पट दिवस लागतात. बांधकामावरचा मुकादम भडकला.

"अगं बाई, आतली बाजू बघायला कोण जातंय? सोड तो गरुड!"

"आत राहतो तो आंधळा आहे का?"

"त्याला कशाला तुझा गरुड? त्याने खरे केलेत की."

"मग त्याने पंखाची खालची बाजू तशीच सोडली का रे कधी?"

मुकादम पाय आपटत निघून गेला. गरुड मागावर राहिला.

पडदा पुरा झाला, तो गुंडाळलेलाच उचलून देवाच्या घरात नेला; तिथे बायकांना मज्जाव. वर्षाच्या ठरल्या दिवशी याजक आत जाऊन आला, तेव्हा मिल्का अंगणातल्या गर्दीतून पुढे घुसली. "बाबा, गरुड कसा दिसतो?"

"बाई, आत धुपाचा धूर. मला माझा हात दिसला नाही."

ती घरी गेली. पण दर वर्षी त्या दिवशी अंगणात येऊन उभी राहायची.

बाराव्या वर्षी पडद्यावर दिव्याचं तेल सांडलं. धुतला आणि पायऱ्यांवर वाळत घातला, आतली बाजू वर करून. सगळं गाव जमलं. मिल्का काठी टेकत आली. तोवर तिचे डोळे गेले होते. मुकादमाने, तोही म्हातारा झालेला, तिचा हात धरला.

"दिसतोय का रे?"

"दिसतोय."

"सबंध?"

"सबंध. पार या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख."

"मग माणसं गप्प का?"

"वर बघतायत. कुठून उतरला म्हणून."

मिल्का खाली बसली. पिसांवरून बोटं फिरवत राहिली, सूत वाळेपर्यंत.

संध्याकाळी गरुड पुन्हा अंधारात गेला. मुकादमाने मात्र त्यानंतर कुणाच्याही मागाला घाई केली नाही.

काम दोन्ही बाजूंनी पुरं करावं. बघणारे डोळे मागाहून येतात, ते आपलेच असतील असं नाही.