दुरुस्त केलेलं वाक्य

"पण बुवा, चूक दाखवली म्हणून कुणी घर सोडून जातं का?"

हेरंब कानिटकरने हे विचारलं तेव्हा चैत्रातलं ऊन डोक्यावर आलं होतं. कृष्णेच्या घाटावरच्या मठात मास्तरबुवा कडुनिंबाखाली शेंगा सोलत बसले होते. सावली जेमतेम दोघांपुरती. हेरंब तिच्या बाहेर, काळ्या फरशीवर उभा होता. चपला वरच्या पायरीपाशी काढायच्या आणि बुवा 'बस' म्हणेपर्यंत बसायचं नाही, असा या मठाचा रिवाज.

कफनी घालण्याआधी बुवा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून ते मास्तरबुवा. हेरंब त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी हेरंबलाच कळली होती. आता साताऱ्यात त्याचा इंग्रजीचा क्लास जोरात चालला होता.

बायकोलाही इंग्रजी यावं म्हणून त्याने घरात एक नियम केला होता. जेवताना मराठी बोलायचं नाही. वृंदा अडखळत बोलायची. चुकली की तो तिथल्या तिथे सुधारायचा, तिचा घास हातात असला तरी. त्याच्या मते हे प्रेमच होतं. मला विचाराल तर होतंही.

शनिवारी सकाळी वृंदा बॅग भरून मिरजेला माहेरी निघून गेली. त्यानंतर तिने त्याचा फोन उचलला नव्हता. ती परत येणार की नाही, या एका काळजीने त्याचं अन्नपाण्यावरून लक्ष उडालं होतं. दाढी वाढली होती. तरी बोलण्यातला ताठा काही गेला नव्हता.

"जायच्या आधी भांडलात?" बुवांनी विचारलं.

"छे. शुक्रवारी आमटी वाढता वाढता म्हणाली, 'आय ऑलवेज डोन्ट फील ॲट होम हिअर.' बास, एवढंच."

"मग?"

"मी म्हटलं, असं नसतं म्हणायचं. 'आय डोन्ट ऑलवेज फील ॲट होम.' डोन्ट आधी, ऑलवेज नंतर. तिनं पुन्हा नीट म्हणून दाखवलं. मी शाबासकी पण दिली."

बुवांनी एक शेंग फोडली.

"दोन्हींत फरक काय रे?"

शिकवायचं म्हटल्यावर हेरंबचा चेहरा खुलला. पायाखालचा चटका विसरून तो क्लासमध्ये बोलावं तसा बोलू लागला. 'ऑलवेज' नकाराच्या बाहेर राहिला, तर नकार सगळ्या दिवसांवर पसरतो. म्हणजे, या घरात मला कधीच आपलं वाटत नाही. तोच शब्द नकाराच्या आत गेला, की नकार सैल पडतो. म्हणजे, आपलं वाटतं, पण रोज वाटतंच असं नाही. शब्द सगळे तेच, फक्त एकाची जागा बदलते, आणि मुलांना नेमकं हेच समजत नाही.

"म्हणजे तिचं वाक्य चूक नव्हतं."

"अगदीच चूक असं नाही. पण सहसा तसं कुणी म्हणत नाही."

"सहसा..." बुवा म्हणाले. "तिनं म्हटलं."

हेरंबने मानेवरचा घाम पुसला.

मग सारवासारव सुरू झाली. तिला तसं म्हणायचं नसणारच. एवढं बारीक तिला कुठलं कळायला! आणि घरात तिला कमी काय आहे? आई तिला वेडंवाकडं बोलत नाही. तो स्वतः कधी आवाज चढवत नाही, फक्त सुधारतो... बुवांनी सगळं ऐकून घेतलं. बस मात्र म्हणाले नाहीत.

हेरंब या पायावरून त्या पायावर होऊ लागला. टाचा उचलून झाल्या, चवडे उचलून झाले. सावली हातभर अंतरावर होती.

"बुवा," शेवटी तो म्हणाला, "पाय भाजतायत."

"भाजतात ती वांगी. पाय पोळतात. नीट म्हण."

"पाय पोळतायत."

"शाबास," बुवा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

...

हेरंब वाट बघत राहिला. बुवांनी दाणे पाटीत टाकले, टरफलं बाजूला केली. वर पाहिलं नाही.

फरशी होती तेवढीच तापलेली होती.

हेरंबने खाली फरशीकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. डोळे भरून आले, आणि ते उन्हाने आले असं मी म्हणणार नाही.

"ते वाक्य नीट म्हणून झाल्यावर," तो म्हणाला, "ती पळी हातात धरून तशीच उभी होती. माझ्याकडे बघत. आणि मी... मी मीठ मागितलं."

बुवा बाजूला सरकले. अर्धी सावली मोकळी झाली.

"बस."

हेरंब बसला आणि तळवे चोळत राहिला. बुवांनी मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते खाल्ले नाहीत. घाटाखाली कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज येत होता.

बऱ्याच वेळाने तो उठला. दुपारच्या गाडीने मिरजेला जातो, म्हणाला. पायरीपाशी जाऊन चपला घातल्या आणि तिथूनच मागे वळला. ताठा आता उरला नव्हता.

"बुवा... ती परत येईल ना?"

बुवा टरफलं गोळा करत होते.

"आधी तू तिचं वाक्य परत कर," ते म्हणाले. "चुकलेलं."