सरड्याचा पहारा

माणसाने दाराला कडीही लावली नव्हती, तेव्हाची गोष्ट. बाभळीवरच्या सुगरणींची अंडी साप खायचा. थोरांनी पहाऱ्याला सरडा निवडला, कारण त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरत.

तरुण पिंगीच्या खोप्यात पहिलंच अंडं होतं. तिने विचारलं, “सरडेदादा, बुंध्याकडे कुठला डोळा?”

“कुठलाच नाही. एक पोरींवर, एक पोरांवर. थोरांचा हुकूम आहे.”

“आणि साप आला तर?”

“फार प्रश्न विचारतेस गं!” थोरांमधले सर्वांत म्हातारे आजोबा खेकसले.

दुपारी साप बुंध्यावरूनच चढला आणि पिंगीचं अंडं गिळून गेला.

थोरांनी सरड्याला विचारलं, “काय पाहिलंस?”

“पिंगी दोनदा ओढ्यापलीकडे गेली.”

“बघा, किती चोख पहारा!” आजोबा खूश झाले.

पिंगीने चोचीत काडी धरली आणि कायमचा ओढा ओलांडला. मागोमाग सगळी पोरं उडाली.

सरड्याने तेही नीट पाहिलं.