ओताऱ्यांच्या घंटा आणि नदीपारच्या गायी

पूर्वी कांस्यपूर नावाच्या चिमुकल्या नगरात महासेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने धातू ओतून घंटा घडवणाऱ्या ओताऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव श्रुतक. घंटा नुसती वाजवून तिच्या धातूतला दोष सांगणारा त्याचा कान पाहून राजाने त्याला अमात्य केले. राजाचे नाव महासेन असले, तरी सेनेत माणसे बेचाळीस होती आणि त्यांतली दोन नेहमी सासुरवाडीला गेलेली असत.

कांस्यपुरात एकच वस्तू तयार होई, ती म्हणजे गायीच्या गळ्यातली काशाची घंटा. ती विकलीही एकाच ठिकाणी जाई, नदीपलीकडच्या अफाट विपुला राज्यात. तिथे प्रत्येक कळपाच्या म्होरक्या गायीला कांस्यपूरची घंटा लागे आणि बाकीच्या गायी तिच्या नादामागून चालत. स्वतः कांस्यपूरकर मात्र आपल्या गायींना घंटा बांधत नसत. घरात वापरली की तो माल राहत नाही, असा तिथला दंडक होता. त्यामुळे रोज संध्याकाळी अख्खे नगर काठ्या घेऊन आपापल्या गायी हुडकत रानोमाळ भटके, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे.

ओताऱ्यांचा मुखिया उग्रक हा बोधिसत्त्वाचा मामा. त्याचा हात कसबी, डोके मात्र तापट. पणजोबाने पेटवलेली भट्टी आपल्या हयातीत विझू देणार नाही, असा शब्द त्याने बापाला दिला होता आणि आजवर तो पाळला होता.

एके वर्षी विपुलेचा राजा तुंगकेतू याच्या मनात आले, की आपल्या गायींनी परक्यांच्या घंटा का म्हणून वाजवाव्यात. त्याने जुन्या घंटा वितळवून आपल्या लोहारांकडून नव्या करून घेतल्या आणि नदीकाठच्या नाक्यावर जकात वाढवली. दहा घंटांमागे एक घेत होते, तिथे तीन घेऊ लागले, मग पाच. व्यापारी नाक्यावरूनच माघारी फिरले. घंटा उग्रकाच्या अंगणात साठल्या, ओसरीवर साठल्या, शेवटी चुलीपाशी आल्या. कोळसा चैत्री पौर्णिमेपर्यंत पुरेल एवढाच उरला. बारा ओताऱ्यांनी साचे बांधून ठेवले आणि पौर्णिमेनंतर गाव सोडायचे ठरवले.

उग्रक तडक दरबारात गेला. "महाराज, त्यांनी आपल्या घंटांवर जकात बसवली, आपण त्यांच्या मिठावर बसवू. बघू आधी कोण रडतंय."

राजाला हे फार आवडले, कारण इतके शूर काही त्याला बरेच दिवसांत कुणी सुचवले नव्हते. बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "महाराज, मीठ ते विकतात हे खरं, पण खातो आपण."

"अमात्य, तुम्ही फार मऊ बोलता," राजा म्हणाला, आणि दवंडी पिटली गेली.

विपुलेच्या मीठवाल्यांनी बैल दुसऱ्या नगराकडे वळवले. कांस्यपुरात अळणी आमटी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी घरोघरी भांडी आपटू लागली. सहाव्या दिवशी राजाचा आचारी माहेरी निघून गेलेल्या बायकोला आणायच्या निमित्ताने गेला, तो आलाच नाही. नवव्या दिवशी सेनेने बंड करायचा विचार केला, पण अळणी जेवून तेवढे त्राण उरले नव्हते. विपुलेला या सूडाची बातमी तेराव्या दिवशी कळली, तीही एका वाट चुकलेल्या भाटाकडून. तुंगकेतूने ती ऐकली आणि विडा लावायला सांगितला.

चौदाव्या दिवशी महासेन राजाने ताट दूर सारले. "अमात्य, आता तुम्हीच सांगा."

"आधी मीठ येऊ द्यावं, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. मग तो उग्रकाकडे वळला. "मामा, आपण एकाच दारात बसून राहिलो. डोंगरातल्या मेंढपाळांना काय हवं, ते आपण कधी विचारलंय का? त्यांच्याकडे कोळसाही आहे."

"मेंढीला घंटा?" उग्रक म्हणाला. "माझा हात गायीच्या घंटेवर बसलाय."

"म्हणून तर लहान घंटा तुम्हालाच जमेल. आणि अंगणात पडल्यात त्या आपल्याच गायींना बांधू."

दरबारात कुणीतरी खाकरले.

"वापरायच्या? आपण?" उग्रकाचा आवाज चिरकला.

"मामा, काल तुमची कपिला शोधायला तुम्ही किती चाललात?"

उग्रक काठी उचलून निघाला, कारण कपिला अजून सापडलेली नव्हती.

एकदाची सापडली, तेव्हा त्याने मान फिरवून तिच्या गळ्यात घंटा बांधली. मग सगळ्यांनीच बांधल्या. गायी रानात चरत असल्या तरी कुठे आहेत ते घरबसल्या कळू लागले, आणि संध्याकाळी एवढा वेळ मोकळा मिळाला की त्याचे काय करावे हे लोकांना उमजेना.

पण तो नाद नदीपलीकडेही गेला. विपुलेच्या लोहारांच्या घंटा रिकाम्या पातेल्यावर पळी आपटावी तशा वाजत, आणि त्यांच्यामागे एकही गाय चालत नव्हती. कांस्यपूरचे साचे पिढ्यान्‌पिढ्यांचे, म्हणून नादही ओळखीचा. चैत्रात नदी गुडघाभर होती. एका सकाळी कांस्यपूर जागे झाले तेव्हा गल्लीबोळांत सातशे गायी उभ्या होत्या. एक दरबारात शिरून सिंहासनावरची माळ खात होती. तुंगकेतूची लाडकी पांढरी गाय उग्रकाच्या दाराशी रवंथ करीत बसली होती.

उग्रकाला आनंद मावेना. "महाराज, दहा गायींमागे पाच आपल्या. जकात म्हणजे जकात." लोकांनी माना डोलावल्या. राजानेही आशेने अमात्याकडे पाहिले.

बोधिसत्त्वाने पांढऱ्या गायीच्या पाठीवर हात ठेवला. "मामा, हिची कास बघा, कशी तटतटलीय. वासरू पलीकडे राहिलंय. जकात काही गायीनं बसवलेली नाही, आणि वासरानं तर नाहीच."

उग्रकाने पाहिले. पैलतीरावरून वासरांचे हंबरणे ऐकू येत होते. तीन महिने जपलेला राग त्याने मनात शोधला, पण तो हाताला लागेना. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो उठला आणि ढिगातून एकेक घंटा उचलून विपुलेच्या म्होरक्या गायींना बांधू लागला.

"बिनघंटेच्या पाठवल्या तर उद्या पुन्हा येतील," तो पुटपुटला, आणि कपिलेला घेऊन सगळ्यांच्या पुढे पाण्यात उतरला.

नाक्यावर जकातदार घंटा मोजायला उभा राहिला. मागे विपुलेचे सगळे गवळी काठ्या टेकून त्याच्याकडे बघत होते. जकातदार न मोजताच खाली बसला आणि नदीकडे बघू लागला.

तुंगकेतूने जकातदाराला बोलावून विचारले, "सोडवणुकीचं त्यांनी काय मागितलं?"

"काही नाही, महाराज. ओताऱ्यांच्या मुखियाने एवढंच सांगितलं, की पांढरीला आधी पाजा."

तुंगकेतूने जकात पूर्वीसारखी दहाला एक केली. बोधिसत्त्वाने मात्र त्यानंतरही तिसरा हिस्साच विपुलेला पाठवू दिला. बाकीच्या घंटा डोंगरात आणि घरच्या गोठ्यांत वाजू लागल्या. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मेंढपाळ लहान घंटांच्या बदल्यात कोळशाच्या गोण्या घेऊन आले. बारा ओताऱ्यांनी बांधलेले साचे पुन्हा मांडले, आणि उग्रकाची भट्टी विझली नाही.

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढी कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा महासेन राजा म्हणजे आज आपल्याला जेवण वाढणारा सालस उपासक. तुंगकेतू म्हणजे शेजारच्या विहाराचा प्रमुख, ज्याने आपल्याला ताक देणे बंद केले. उग्रक म्हणजे मागच्या ओळीतला तो भिक्षू, ज्याने काल सुचवले की आपणही त्यांना विहिरीचे पाणी भरू देऊ नये. आणि श्रुतक अमात्य मीच होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे त्या गुणाची पूर्णता, जोपासली."

मागच्या ओळीतला भिक्षू खाली मान घालून बसला होता. सभा उठल्यावर तो विहिरीवर गेला, दोन घागरी भरल्या आणि शेजारच्या विहाराच्या वाटेला लागला.