दोनशे वेळा ओढलेला चाप

“आणि दरवेळी चाप पुढे आला?” उस्तादांनी विचारलं.

दरवेळी, असं हणमंत इंगवले म्हणाला. दोनशे वेळा त्यानं रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून पाहिला होता. बोट सैल केलं की चाप टक्कन जागेवर.

हणमंत जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात हवालदार होता. बिघडलेली हत्यारं दुरुस्त करायची आणि ठीक असल्याचा दाखला द्यायचा, हे त्याचं काम. ते त्याला बाबालाल शिकलगारांनी शिकवलं. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना उस्तादच म्हणत.

आज हणमंतनेच त्यांना बोलावलं होतं. शिकायला नव्हे, साक्षीला.

महिन्यापूर्वी त्यानं वैजयंता भोकरे नावाच्या शिपाईबाईंच्या पिस्तुलाचा झिजलेला चाप काढून नवा बसवला होता. तेव्हापासून बाईंची एकच तक्रार. सरावात मधूनच चाप मागे अडकतो, दुसरी गोळी सुटत नाही. तीनदा त्यांनी पिस्तूल परत आणलं. तीनदा त्यानं तपासलं. तिसऱ्यांदा त्यानं दाखल्यावर लिहिलं : शस्त्र निर्दोष, हाताळणीत दोष.

त्या एका ओळीनं बाईंचं नाव आरोपी ने-आण करणाऱ्या पथकातून निघणार होतं. साहेब चार वाजता सही करणार होते. उस्तादांनी शेरा बरोबर असल्याचं सांगितलं, की विषय मिटला.

उस्तादांनी पिस्तुलाला हात लावला नाही.

“त्यांना बोलाव,” ते म्हणाले.

हणमंतला ते आवडलं नाही. घड्याळात सव्वादोन झाले होते.

भोकरेबाई आल्या. शस्त्रागारात पाऊल ठेवण्याआधी दाराशी वहीत सही करावी लागते. त्यांनी ती केली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चेहरा ओढलेला होता.

उस्तादांनी विचारलं तेव्हा त्या हळूच बोलल्या. सोमवारी एका खुनाच्या आरोपीला कोर्टात नेलं होतं. जिन्यावर गर्दी होती. त्याची माणसं दोन्ही अंगांनी सरकत होती. सगळा वेळ त्यांच्या मनात एकच... पिस्तूल चालेल का, चालेल का.

“काही झालं नाही,” त्या म्हणाल्या. “पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.”

हणमंत खिडकीबाहेर बघत राहिला.

उस्ताद उठले. खिशातला रुमाल काढला. हणमंतचा उजवा हात पाठीमागे नेला आणि मनगट कमरेच्या पट्ट्याला बांधून टाकलं.

हणमंतला हसू आलं. मग ते विरलं.

“आता ओढ.”

त्यानं पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून घेतली, तोंड वाळूच्या पेटीकडे केलं आणि डाव्या हातानं चाप ओढला. पुढे आला. पुन्हा ओढला. पुढे आला. आठ झाले, नऊ झाले...

अकराव्या वेळी चाप मागेच राहिला.

हणमंतची मान दाराशी उघड्या पडलेल्या वहीकडे वळली. महिन्याभरात बाईंनी तिथे चार सह्या केल्या होत्या. चारही त्याच्यासमोर, चारही डाव्या हातानं.

रुमाल सुटल्यावर त्यानं पिस्तूल खोललं. नवा चाप एका अंगाला केसभर जाड होता. उजव्या हाताच्या बोटानं ओढला की मोकळा चालायचा. डाव्या हाताचं बोट त्याला पलीकडे रेटायचं. मग तो कडेला घासायचा आणि कधीतरी अडकायचा. कधीतरीच.

नवे चाप सुट्या भागांच्या पेटीत आणखी होते. त्यातला एक त्यानं मापून निवडला. बसवताना खीळ दोनदा हातातून पडली. मग डाव्या हातानं त्यानं दोनशे वेळा ओढून पाहिला. शेवटी पिस्तूल बाईंच्या हातात दिलं आणि सांगितलं, तुमचं समाधान होईपर्यंत ओढा.

त्या बराच वेळ ओढत राहिल्या.

साडेतीन वाजता त्यानं आधीचा शेरा खोडला. खाली लिहिलं : दोष सुट्या भागात व माझ्या तपासणीत. सही करून कागद बाईंच्या हाती दिला.

“हवालदारसाहेब, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. कागद घेऊन त्या साहेबांच्या खोलीकडे भरभर निघून गेल्या.

हणमंत मागे वळला. भिंतीलगतच्या कपाटांत नव्वद पिस्तुलं होती. प्रत्येकाला हणमंतचा दाखला होता. प्रत्येक पिस्तूल त्यानं एकाच हातानं, याच टेबलावर, पंख्याखाली उभं राहून तपासलं होतं. कोण कुठल्या हातानं धरतो, कोण पावसात उभा राहतो, कुणाचं बोट तुटकं आहे... त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

तो स्टुलावर बसला.

“उस्ताद, मला भीती वाटायला लागलीय,” तो म्हणाला. “आजपासून कुठल्याच दाखल्यावर माझ्याच्यानं सही होणार नाही.”

त्यानं पट्ट्याला अडकवलेली शस्त्रागाराची किल्ली काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

उस्तादांनी ती घेतली नाही. रुमालाची नीट घडी घातली, खिशात ठेवली.

“काल दिली असतीस,” ते म्हणाले, “तर घेतली असती.”